विंचवाखालची रेघ

"अहो, फाडू नका, सोडवा! चांगला कागद आहे," स्टोअरकीपर ओरडला आणि दिवाबत्ती खात्याचा अख्खा हॉल हसला. हा माणूस वायरचा वीतभर तुकडासुद्धा सही घेतल्याशिवाय देत नसे. निरोपाच्या भेटीवरचा कागद तरी तो सुखासुखी कसा जाऊ देणार?

तारेवाल्याने मान डोलावली आणि नखाने चिकटपट्टी उचलायला घेतली. खात्यात त्याला सगळे तारेवालाच म्हणत. एक तर चौतीस वर्षं त्याने खांबांवर चढून तारा जोडल्या होत्या, आणि दुसरं म्हणजे तरुणपणी त्याला आकाशातल्या ताऱ्यांचे फोटो काढायचं वेड होतं. दोन्हींना मिळून एकच नाव पुरलं होतं. आज नोकरीचा शेवटचा दिवस. साहेबांचं भाषण झालं होतं, केक कापून झाला होता, आणि आता छातीएवढ्या उंचीची ही चौकोनी भेट टेबलाला टेकवून ठेवली होती.

कागद वरून सुटत गेला. आधी नुसतं काळं आकाश, मग त्यात तांबूस ज्येष्ठा, मग वृश्चिकाची ती डौलदार वळलेली शेपूट आणि टोकाला नांगी. खरोखरीचा विंचू भिंतीवर चढावा तसा सगळा आकार. "वा! वा!" झालं, टाळ्या वाजल्या. तारेवालाही हसत होता. मग खालचा कागद सुटला आणि त्याचं हसू थांबलं.

खाली रेघ होती.

हा फोटो खात्यात नवा नव्हता. एकवीस वर्षांपूर्वी तो पालिकेच्या कॅलेंडरवर छापून आला होता आणि वर्षभर प्रत्येक टेबलामागे लटकला होता. पण त्या फोटोत नुसतं आकाश होतं. छापायला देण्याआधी तारेवाल्याने स्वतःच्या हाताने, पट्टी लावून, ब्लेडने खालचा चार बोटं भाग कापून टाकला होता. कापलेल्या भागात गल्ली होती, घरांच्या काळ्या कडा होत्या आणि गल्लीतून उतरत आलेली एक पिवळी रेघ होती. ती रेघ आजवर त्याच्याशिवाय कोणी पाहिली नव्हती.

"निगेटिव्ह कुठून मिळवलीत?" त्याने विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"तुमच्या घरातच फितुरी झालीय," शिडीवाला म्हणाला. हा शिडीची गाडी चालवायचा आणि वीस वर्षं तारेवाल्याचा जोडीदार होता. "वहिनींनी दिली. तुम्ही ड्यूटीवर असताना गेलो होतो. पत्र्याचा डबा काढून दिला, म्हणाल्या, पाकिटावर वृश्चिक लिहिलंय ते घेऊन जा. आणि मोठा कर म्हणाल्या, मला आता बारीक दिसत नाही."

"स्टुडिओवाल्याला म्हटलं, एक केसभरही कापायचं नाही," स्टोअरकीपरने भर घातली. "जसं आहे तसं."

साहेब पुढे वाकून बघत होते. "आयुष्यभर गावाला उजेड दिला आणि नाद मात्र अंधाराचा! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा." सगळे पुन्हा हसले. साहेबांच्या विनोदाला निरोपसमारंभात जरा जास्तच हसायची पद्धत असते. तारेवाल्याच्या मात्र कानशिलांपर्यंत रक्त चढलं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

"खाली ही रेघ कसली हो?" शिडीवाल्याने विचारलं.

"ओरखडा. निगेटिव्ह जुनी आहे."

"स्टुडिओवाला तर म्हणाला, ओरखडा नाही, उजेड आहे."

"त्याला काय कळतंय," तारेवाला म्हणाला आणि कागद घडी घालून स्टोअरकीपरच्या हातात दिला.

शिडीच्या गाडीतून फ्रेम घरी निघाली. तारेवाला पुढे बसला होता आणि फ्रेम मागे, दोरीने बांधलेली. दुपारचे चार वाजले होते. रस्त्यावरचे खांब एकामागून एक मागे जात होते. या खांबावर मधमाश्या होत्या, त्यावर त्याला झटका बसला होता, पलीकडच्यावर ट्रक आदळला होता. शिडीवाला आठवणी काढत होता आणि तारेवाला हूं हूं करत होता. त्याचा जीव मागे बांधलेल्या त्या चार बोटांत अडकला होता.

घरात वहिनी, त्याच्या थोरल्या भावाची बायको, वाट बघत असणार. गेला आठवडाभर ती कारण नसताना हसत होती. लहान मुलाने पाठीमागे खाऊ लपवावा तशी. आता त्याला त्याचा उलगडा झाला.

ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आई त्याला आठवतही नव्हती. पहिल्याच आठवड्यात वहिनीने त्याचे केस धुतले, नखं कापली आणि "धाकट्या" म्हणून हाक मारायला सुरुवात केली, ती कायमची. पाच वर्षांनी थोरला भाऊ तापाने गेला. सव्विसाव्या वर्षी ही बाई चौदा वर्षांच्या दिराला घेऊन मागे उरली. माहेरच्यांनी बोलावलं. "याला कुठं ठेवू?" म्हणाली आणि प्रसूतिगृहातली नर्सची नोकरी धरून राहिली. थोरल्याचा कॅमेरा तिने कपाटात ठेवला होता. धाकटा पालिकेत चिकटला त्या दिवशी तो काढून त्याच्या हातात दिला.

त्या कॅमेऱ्याने त्याने एकही माणूस टिपला नाही. लग्नं नाहीत, बारशी नाहीत, कोणाचा नुसता चेहराही नाही. शेजारीपाजारी चेष्टा करत, "अहो, जमिनीवरचंही काहीतरी काढा की!" तो गच्चीवर जायचा आणि वर बघायचा. ताऱ्यांचा फोटो काढायचा म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण सात-आठ मिनिटं उघडं ठेवावं लागतं, आणि तेवढ्यात आकाश सरकतं. म्हणून त्याने दोन फळ्या बिजागरीने जोडल्या, मधे एक लांब स्क्रू बसवला आणि वरच्या फळीवर कॅमेरा. स्क्रूचा दर मिनिटाला बरोबर एक फेरा फिरवला की फळी उचलत जायची आणि कॅमेरा ताऱ्यांच्या मागे मागे जायचा. हात हलला, मोजणी चुकली, की ताऱ्यांच्या शेवया व्हायच्या.

मोजणी वहिनीची. ती नर्सचं घड्याळ घेऊन शेजारी पालथ्या बादलीवर बसायची आणि नाडी मोजावी तशी मोजायची. "पाच… दहा… पंधरा… एक झाला." एकदा मृगाच्या वेळी खालून कोणीतरी हाक मारली, तारेवाल्याने "ओ" दिली आणि आठ मिनिटांची मेहनत पाण्यात गेली. त्या दिवशी वहिनीने नियमच घालून दिला. "फेरा चालू असताना ओ द्यायची नाही. घराला आग लागली तरी. फेरे संपू देत, मग बोल काय बोलायचं ते."

नियम चांगला होता. त्यानंतर कृत्तिका आल्या, सप्तर्षी आले, श्रवण आला. राहिला होता वृश्चिक.

"आलं घर," शिडीवाला म्हणाला.

वहिनी दारातच उभी होती, चौकटीला टेकून, चार पायांची काठी पुढे रोवून. बावीस वर्षांपूर्वी तिचा खुबा मोडला, तेव्हापासून ही काठी. आधी वरच्या मजल्यावर राहायचे. मग जिना नको म्हणून तारेवाल्याने खालच्या या दोन खोल्या घेतल्या. तिची नोकरी गेली. दिवसभर पायांवर उभं राहायचं काम, ते कसं होणार? तारेवाल्याचं लग्न ठरत आलं होतं, त्याने मुलीकडच्यांना नाही कळवलं. स्वयंपाक शिकला. रोज सकाळी तिचा पाय तेल लावून चोळायला लागला. कॅमेरा कपाटात गेला तो पुन्हा निघाला नाही. "असा दीर दिवा घेऊन शोधला तरी सापडणार नाही," असं गल्लीतल्या बायका म्हणत, आणि वहिनी म्हणायची, "दीर कसला, पोरगाच तो माझा." तेव्हा तारेवाला काहीतरी निमित्त काढून स्वयंपाकघरात जायचा.

"आणलास का? दाखव, दाखव!" वहिनी म्हणाली. "फसवलं की नाही तुला?"

"फसवलंस," तो म्हणाला. शिडीवाल्याने आणि त्याने मिळून फ्रेम आत आणली. तारेवाल्याने ती भिंतीकडे तोंड करून टेकवली. शिडीवाला चहाला थांबला नाही, गाडी परत पोचवायची होती.

"अरे, उलटी काय ठेवतोस? लाव इथं. कॅलेंडर काढ ते." तिच्या पलंगासमोर अजून तेच एकवीस वर्षांपूर्वीचं पान होतं. बारा महिन्यांच्या तारखा केव्हाच कापून टाकल्या होत्या, वरचा विंचू तेवढा ठेवला होता, पिवळा पडलेला.

"खिळा नाहीये मोठा. उद्या बघतो."

"तारेवाल्याच्या घरात खिळा नाही? आज रिटायर झालास, लगेच आळस चढला वाटतं!" ती काठी टेकत टेकत पुढे आली. "निदान सरळ तरी कर. मला बघू दे."

आता काही इलाज नव्हता. त्याने फ्रेम सरळ केली. वहिनी पलंगाच्या कडेला बसली, फ्रेम तिच्या गुडघ्यांसमोर. तिने चष्मा पुसला.

"ज्येष्ठा बघ कशी लालबुंद आलीय! कॅलेंडरात नुसती तपकिरी दिसायची." तिने ताऱ्यावर बोट ठेवलं. "ज्येष्ठा म्हणजे थोरली. म्हणजे मीच की." हा तिचा जुना विनोद होता. मग बोट शेपटीवरून खाली आलं आणि थांबलं. "अय्या, खाली तर आपली गल्ली आहे! ही आपल्या जुन्या गच्चीवरून दिसायची तशी. कॅलेंडरात कुठं होती ही?"

तिने चष्मा नाकावर नीट बसवला.

"घरं फिसकटलीयत जराशी. म्हणजे कॅमेरा फिरत होता." अकरा वर्षं ती त्याच्या शेजारी बादलीवर बसली होती. फोटो वाचायला तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. "आणि कोणीतरी चाललंय. टॉर्च घेऊन. वरून खाली येतंय. कोण चाललंय रे हे?"

ओरखडा म्हणून सांगता आलं असतं. शिडीवाल्याला सांगितलं होतं. पण सप्तर्षींच्या फोटोत सायकलवाल्याच्या दिव्याची रेघ हिनेच ओळखली होती. हिला ओरखडा म्हणून कोण फसवणार? आणि खरं सांगायचं तर तो दमला होता. चौतीस वर्षांच्या नोकरीने नाही, बावीस वर्षांच्या त्या चार बोटांनी.

"तू," तो म्हणाला.

"मी काय?"

"तू चाललीयस. हा त्या रात्रीचा फोटो आहे, वहिनी. तू पडलीस त्या रात्रीचा."

ती हसली, मग हसू तसंच राहिलं. "त्या रात्री कसा असेल? त्या रात्री तर फ्यूज उडाला होता. सगळी गल्ली अंधारात होती."

"फ्यूज उडाला नव्हता. कोपऱ्यावरच्या पेटीतला खटका मी पाडला होता."

वहिनीने चष्मा काढला. "का?"

"हा विंचू…" त्याने फ्रेमकडे बघितलं. "त्याच वर्षी गल्लीत सोडियमचे दिवे लावले होते. मीच लावले. अकरा दिवे. त्या पिवळ्या उजेडात शेपूट दिसायचीच बंद झाली. ढगांचे दिवस तोंडावर आले होते. ते वर्ष गेलं असतं. किल्ली माझ्याकडेच होती. म्हटलं, पंधरा मिनिटं खटका पाडला तर कोणाचं काय जातंय. तुझी पाळी दहाला सुटायची, तू साडेदहाला यायचीस. पावणेदहाला पाडला. दहाच्या आत परत लावणार होतो."

"त्या दिवशी माझी बदलीवाली लवकर आली," वहिनी म्हणाली. हे तिने त्याला नव्हे, स्वतःलाच सांगितलं. "मीच म्हटलं तिला, जाते म्हणून. अर्धा तास लवकर सुटले."

"ते मला नंतर कळलं."

"आणि तू दवाखान्यात म्हणालास, फ्यूज उडाला."

"रजिस्टरमध्येही तेच लिहिलं. फ्यूज उडाला, दुरुस्त केला. खाली माझी सही."

बाहेरून भंगारवाला ओरडत गेला. मग तारेवाला तिच्यासमोर जमिनीवर बसला. एकदा धरण फुटलं की चमचाभर पाणी मागे ठेवून काय उपयोग?

"अजून एक आहे. ते याहून वाईट आहे." त्याने जिभेने ओठ ओले केले. "तू पडल्यावर हाक मारलीस, ती मी ऐकली होती. 'धाकट्या' म्हणून. स्वच्छ ऐकली. सहा फेरे झाले होते, दोन उरले होते. मी उठलो नाही. मी फिरवत राहिलो. तू गल्लीतल्या त्या पायऱ्यांवर पडलेली आणि मी वर दोन मिनिटं स्क्रू फिरवत होतो. झाकण लावलं आणि मग खाली आलो. तू सापडलीस. धावत जाऊन खटका वर केला, तर ते दिवे पेटेनात. सोडियमचा दिवा लगेच नाही पेटत, आधी नुसता लालसर होतो, मग हळूहळू… त्या लाल उजेडात मी तुला उचललं."

वहिनी त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला, फ्रेमवर वाकली आणि रेघेवर बोट ठेवलं. रेघ गल्लीच्या वरच्या टोकाला सुरू होत होती, जाड आणि ठळक. मधे एका जागी तिचा मोठा ठिपका झाला होता. ठिपक्याच्या पुढे ती पुन्हा सुरू होत होती, पण बारीक, केसासारखी, आणि तीन पायऱ्यांपाशी तुटत होती.

"हा ठिपका कसला?" तिने विचारलं.

"तिथं तू पडलीस आणि उतारावरून पायऱ्यांपर्यंत घसरत गेलीस. पुढची बारीक रेघ म्हणजे हातातून सुटलेली टॉर्च घरंगळत गेली." हे त्याने बावीस वर्षांत इतक्या वेळा स्वतःला समजावलं होतं की आता ते पाठच झालं होतं.

"नाही रे," वहिनी म्हणाली. "इथं मी पडले नाही. इथं मी थांबले होते."

"थांबली होतीस?"

"चक्कीच्या ओट्यापाशी. वरून चालत आले, टॉर्च हातात. अंधारगुडुप गल्ली. सहज वर बघितलं, तर हा! अख्खा विंचू, नांगीसकट, घरांवर टेकलेला. मी कितीतरी दिवसांनी बघितला. उभीच राहिले. आणि मनात आलं, धाकटा बसला असेल खोलीत पेपर वाचत. दिवे गेलेत हे कळलं तरी याच्या डोक्यात येणार नाही. आता दिवे येतील आणि याचा विंचू हातचा जाईल. म्हणून हाक मारली." तिचं बोट ठिपक्यावरच होतं. "तू ऐकलीस ती हाक ही. पडल्यावर मी हाक मारलीच नाही. पडल्यावर मला आवाजच फुटला नाही."

तारेवाल्याला आधी ते समजलंच नाही. आणि समजलं तेव्हा क्षणभर त्याचा जीव भांड्यात पडल्यासारखा झाला. म्हणजे ती पडलेली असताना तो फिरवत बसला नव्हता. हाक आली तेव्हा ती उभी होती, धडधाकट, दोन्ही पायांवर.

"ओ आली नाही," वहिनी पुढे म्हणाली, "म्हणून मग मी पळाले. तुला उठवायला."

तिचं बोट ठिपक्यावरून निघालं, त्या बारीक रेघेवरून सरकत पायऱ्यांपाशी आलं. माणूस सावकाश चालला की उजेडाची रेघ जाड उमटते, आणि पळाला की बारीक. हे तारेवाल्याला ठाऊक होतं, सायकलवाल्याच्या रेघेवरून त्यानेच तिला समजावून दिलं होतं. आणि तरी बावीस वर्षं त्याने या बारीक रेघेकडे बघून टॉर्च घरंगळली असंच म्हटलं होतं.

"ओ दिली असतीस," ती म्हणाली, "नुसती ओ दिली असतीस, तर मी चालत आले असते."

तो खाली बघत बसला. फरशीच्या फटीत एक मुंगी कसला तरी कण ओढत होती.

"फेरा चालू होता," तो अखेर पुटपुटला.

"माहितीय. नियम माझाच होता." तिच्या आवाजात समजूत नव्हती, राग होता, पण तो दिव्यांवर नव्हता हे त्याला लगेच कळलं. "दिवे घालवलेस ते मी एका दिवसात विसरले असते. मला विचारलं असतंस तर मीच म्हटलं असतं, पाड खटका. पण धाकट्या, ही बावीस वर्षं तर फेरा चालू नव्हता ना?"

तिने आपल्या पायाकडे बघितलं.

"रोज पाय चोळून दिलास. लग्न मोडलंस. मी गल्लीभर सांगत सुटले, पोरगा आहे माझा पोरगा. म्हणजे तू फेडत होतास?"

"आधी फेडत होतो," तो म्हणाला. खोटं बोलायची ताकद आता संपली होती. "नंतर कधी थांबलं ते मलाही कळलं नाही. चोळता चोळता सवय… सवय नव्हे, वहिनी… मला नाही सांगता येत."

"सांगितलं असतंस तर तेव्हाच कळलं असतं, तुला पण आणि मला पण," वहिनी म्हणाली. "आता सत्तरीला कुठं निवडत बसू, यातलं फेडायचं किती आणि मायेचं किती?"

ती उठली. तो हात द्यायला पुढे झाला, तिने तो बाजूला केला. काठी टेकत ती स्वयंपाकघरात गेली. भांडं ठेवल्याचा, काडी ओढल्याचा आवाज आला. एक काडी विझली, दुसरी ओढली. बावीस वर्षांत त्या शेगडीपाशी ती उभी राहिली नव्हती, साखरेचा डबा कुठे असतो हेही तिला माहीत नसणार. डबे उघडल्याचे, बंद केल्याचे आवाज आले. तारेवाला जागचा हलला नाही. साखर खालच्या फळीवर आहे असं ओरडून सांगावंसं त्याला वाटलं, पण तेवढाही हक्क आता आहे की नाही, याची खात्री वाटेना. बऱ्याच वेळाने ती दारात दिसली. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कप. पावलागणिक थोडा चहा बशीत सांडत होता. एकच कप होता. पलंगावर बसून तिने तो शेवटपर्यंत प्यायला, बिनसाखरेचा.

दिवेलागणीची वेळ झाली. बाहेर गल्लीतले दिवे लागले. गेल्याच वर्षी त्याने बसवलेले नवे, पांढरेफटक. खटका दाबला की त्याच क्षणी लख्ख. त्यांच्या उजेडात आता विंचू सोडाच, चंद्रही फिका वाटायचा. खोलीतला दिवा कोणीच लावला नव्हता, खिडकीतून येणाऱ्या त्या पांढऱ्या चौकोनात फ्रेम अजून तशीच उभी होती.

"लाव ती," वहिनी म्हणाली.

"कुठं?"

"आहे तिथंच. कॅलेंडरच्या जागी. पण खाली घे. विंचू बघायचा नाहीये मला."

त्याने माळ्यावरून पेटी काढली. मोठा खिळा होता, तीन होते. कॅलेंडरचं पान उतरवलं तेव्हा मागे भिंतीचा जुना रंग चौकोनी उजळ दिसला. त्याच्या हातभर खाली त्याने खिळा ठोकला, आणि फ्रेम अशी टांगली की पलंगावर बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर बरोबर ती गल्ली यावी. वृश्चिक वर राहिला, अर्धा अंधारात. तो मागे सरकून उभा राहिला. जाऊ की थांबू, हे त्याला कळेना.

"तू माझा एकही फोटो काढला नाहीस कधी," वहिनी म्हणाली.

"नाही काढला."

"काढलायस की." ती पुढे वाकली. गल्लीच्या वरच्या टोकाला तिने बोट ठेवलं आणि रेघेवरून हळूहळू खाली आणलं, चक्कीच्या ओट्यापर्यंत, मोठ्या ठिपक्यापर्यंत. तिथे जरा थांबली. मग त्या केसाएवढ्या बारीक रेघेवरून बोट पुढे निघालं.

"अठ्ठेचाळीस वर्षांची होते मी," ती म्हणाली. "बघ. पळत होते."

पायऱ्यांपाशी रेघ संपली. तिचं बोट मात्र काचेवर तसंच खाली येत राहिलं, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत, घरापर्यंत.